कोपर बसलं, पण टिकेल का?

काटोलहून एका गृहस्थांनी विचारलं आहे. त्यांचा धाकटा भाऊ, वय ३४, पाच दिवसांपूर्वी पावसात मोटारसायकल घसरून डाव्या हातावर पडला. कोपर मागे निखळलं. जवळच्या दवाखान्यात ते बसवून कच्चं प्लास्टर घातलं. नंतर नागपुरात सीटी स्कॅन झाला, त्यात रेडियसच्या (कोपर ते मनगट या भागातलं, अंगठ्याच्या बाजूचं हाड) डोक्याचे तीन तुकडे आणि कोरोनॉइड नावाच्या हाडाच्या उंचवट्याचा एक छोटा तुकडा दिसला. एक डॉक्टर म्हणतात, सांधा बसला आहे, दीड महिना प्लास्टर ठेवू. दुसरे म्हणतात, सूज उतरली की लगेच ऑपरेशन करा. घरातल्या वडीलधाऱ्यांचं मत, हाडवैद्याकडून एकदा चोळून-बांधून घ्यावं. कोणाचं ऐकायचं?

चोळण्याचं आधी सांगतो, कारण बाकीचा निर्णय दोन दिवस थांबू शकतो, हा नाही. कोपर निखळतं तेव्हा सांध्यासमोरचा स्नायू फाटतो आणि त्यात रक्त साठतं. तो भाग चोळला, ओढला, जोर लावून वाकवला की स्नायूतच नवं हाड धरू लागतं. काही महिन्यांत कोपर एका कोनात गोठतं. हाडांचा सर्जन म्हणून पंचवीसेक वर्षांच्या माझ्या कामात अशी कोपरं कितीतरी पाहिली. ते वाढलेलं हाड काढून सांधा पुन्हा मोकळा करणं हे पहिल्या ऑपरेशनपेक्षा अवघड काम असतं. घट्ट बांधण्याचा धोका त्याहून मोठा आहे. बांबूच्या कामट्या लावून आवळलेल्या हातातल्या स्नायूंचा रक्तपुरवठा तुटला तर काही तासांत ते मरू लागतात आणि बोटं कायमची आत वळतात. जर्मन सर्जन फोल्कमान यांनी १८८१ मध्येच हे नीट लिहून ठेवलं होतं. आजही विदर्भातल्या गावांतून असा हात घेऊन माणसं येतात, आणि तेव्हा आमच्या हातात फार थोडं उरलेलं असतं. प्लास्टरमध्ये असताना दुखणं वाढत चाललं, बोटं सरळ केल्यावर कळ हाताच्या पोटरीत गेली, बोटं बधिर झाली, तर सकाळची वाट न पाहता रात्रीच दवाखाना गाठा आणि प्लास्टर सैल करून घ्या.

आता प्लास्टर की ऑपरेशन. दीड महिन्याचं प्लास्टर मला कुठूनही पटत नाही. कोपर स्थिर असेल तर त्याला एवढ्या प्लास्टरची गरज नाही, आठवडा-दहा दिवस पुरतात. स्थिर नसेल तर प्लास्टर त्याला धरून ठेवू शकत नाही, सांधा प्लास्टरच्या आतच सरकतो. आणि तीन आठवड्यांच्या वर बांधून ठेवलेलं कोपर आखडतंच. गुडघा किंवा खांदा थोडंफार माफ करतो, कोपर करत नाही. म्हणून तुमच्या भावाच्या बाबतीत विचारायचा प्रश्न एकच: सांधा इतका स्थिर आहे का, की दहा दिवसांत तो हलवायला सुरुवात करता येईल? नसेल, तर त्याला तितकं स्थिर करण्यासाठी ऑपरेशन.

कोपर स्थिर कशाने राहतं हे समजलं की रिपोर्टमधल्या शब्दांना अर्थ येतो. दंडाच्या हाडाचं खालचं टोक गरगरीत रिळासारखं असतं. अल्ना हे बाहूचं, म्हणजे कोपर ते मनगट या भागाचं, करंगळीच्या बाजूचं हाड त्या रिळाला मागून-पुढून पकडीसारखं धरतं. पकडीचा मागचा जबडा म्हणजे आपण टेबलावर टेकवतो ते टोक, आणि पुढचा छोटा जबडा म्हणजे कोरोनॉइड. बाहू मागे घसरू नये म्हणून लावलेली ही खीळच आहे. बाहेरच्या बाजूला रेडियसचं गोल डोकं टेकू देतं. हातावर टेकून पडल्यावर मनगटातून वर येणारा निम्म्याहून जास्त भार तिथून जातो. या हाडांना दोन्ही बाजूंनी लिगामेंट, म्हणजे चिवट दोऱ्या, बांधून ठेवतात. बाहेरचं लिगामेंट नसेल तर बाहू दंडाखालून गरकन फिरून निसटतो, आतलं नसेल तर कोपर आतल्या बाजूला उघडतं.

उताणा पंजा टेकून पडलं की इजा बहुधा बाहेरून सुरू होते. आधी बाहेरचं लिगामेंट दंडाच्या हाडावरून उपटून निघतं, मग पुढचं-मागचं आवरण फाटतं, सांधा मागे सरकताना रेडियसचं डोकं आणि कोरोनॉइड फुटतं, आणि जोर शिल्लक असेल तर शेवटी आतलं लिगामेंट. निखळणं आणि ही दोन फ्रॅक्चर, असं तिन्ही एकत्र आलं की त्याला टेरिबल ट्रायड, म्हणजे भयंकर त्रिकूट, म्हणतात. हे नाव अमेरिकन सर्जन रॉबर्ट हॉचकिस यांनी १९९६ मध्ये दिलं. नाव घाबरवणारं आहे, पण उगाच दिलेलं नाही: तोवर अशी कोपरं ऑपरेशननंतरही पुन्हा निखळत, आखडत, लवकर झिजत. तुमच्या भावाला नेमकं हेच झालं आहे. रिपोर्टमध्ये लिगामेंटचा उल्लेख नाही, कारण सीटीत लिगामेंट दिसत नाही. पण निखळलेल्या कोपराचं बाहेरचं लिगामेंट फाटलेलं असणारच, असं धरूनच पुढे जायचं.

“छोटा तुकडा” या शब्दाने खूप घोटाळा होतो. सुरुवातीच्या काळात तो मीही केला. तेव्हा प्रत्येकाचं सीटी होत नसे. शेतात पडलेल्या एका माणसाच्या एक्स-रेत रेडियसचं डोकं चुरा झालेलं दिसत होतं आणि सांध्यासमोर तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा. मी डोक्याचे तुकडे काढून टाकले, दाण्याकडे दुर्लक्ष केलं, लिगामेंटला हात लावला नाही, आणि काटकोनात प्लास्टर घातलं. आठव्या दिवशीच्या एक्स-रेत सांधा प्लास्टरच्या आतच मागे गेलेला होता. खीळ तुटलेली, बाहेरची दोरी तुटलेली, आणि उरलासुरला टेकू मी स्वतः काढून घेतला होता. त्या माणसाला दुसऱ्यांदा ऑपरेशनला सामोरं जावं लागलं आणि कोपर पूर्वीसारखं झालं नाही ते नाहीच. तेव्हापासून निखळलेल्या कोपरात रेडियसचं डोकं नुसतं काढून मी कधीच बाहेर आलेलो नाही. दुसऱ्या कोणी तसं सुचवलं तर तुम्हीही थांबून कारण विचारा.

तपासणीकडे वळू. माणूस समोर आला की मी आधी बोटं पाहतो, मग कोपर. करंगळीला स्पर्श कळतो का, बोटं फाकवता येतात का, अंगठा आणि तर्जनीचा गोल जमतो का, मनगट वर उचलता येतं का. या चार गोष्टींत तिन्ही नसांची हजेरी लागते. नाडी दोन्ही हातांची तुलना करून बघतो. ही नोंद ऑपरेशनच्या आधी कागदावर हवीच, नाहीतर नंतर करंगळी बधिर असेल तर ते पडल्याने झालं की आमच्या हाताने, हे कोणालाच सांगता येत नाही. कोपराच्या आतल्या बाजूला मोठा काळा-निळा डाग असेल तर आतलं लिगामेंटही गेल्याचा संशय घेतो. मग मनगट दाबून पाहतो. रेडियसचं डोकं फुटलं असताना मनगटही दुखत असेल तर दोन हाडांमधला पडदा वरपासून खालपर्यंत फाटलेला असू शकतो. ब्रिटिश सर्जन एसेक्स-लोप्रेस्टी यांनी १९५१ मध्ये वर्णन केलेली ही इजा पहिल्या दिवशी हुकली तर नंतर नीट दुरुस्त होणं फार कठीण. भावाच्या मनगटाचा एक्स-रे झाला नसेल तर तो करून घ्या.

एक्स-रेत माझी नजर दोन गोष्टींवर असते. रेडियसच्या मधून काढलेली रेघ कुठल्याही कोनातून दंडाच्या हाडाच्या गोल गुंडीच्या मध्यातून गेली पाहिजे. आणि बाजूच्या एक्स-रेत दंडाचं हाड आणि अल्ना यांच्यातली फट सारखी हवी. ती ४ मिलिमीटरच्या वर उघडलेली दिसली तर सांधा बसला आहे असं म्हणायला मी तयार नसतो, तो फक्त टेकला आहे. सीटी मात्र सांधा बसवल्यानंतरच करावा, बारीक कापांचा आणि थ्रीडी चित्रांसह. त्यात कोरोनॉइडचा तुकडा टोकाचा आहे, बुंध्यातून आहे की आतल्या कडेचा आहे, ते कळतं. आतल्या कडेचा तुकडा फसवा असतो. कधीकधी रेडियसचं डोकं शाबूत असतं, सांधा निखळल्याचा इतिहासही नसतो, एक्स-रे पाहणारा “किरकोळ आहे” म्हणून घरी पाठवतो, आणि वर्षभरात सांधा एका बाजूने झिजून जातो. एमआरआयची अशा ताज्या फ्रॅक्चरमध्ये सहसा गरज पडत नाही, तो खर्च वाचवा.

सगळ्यांना ऑपरेशन लागतं का? नाही. सीटीत सांधा अगदी एकमध्य बसलेला असेल, डोक्याचा तुकडा सरकलेला नसेल, पंजा उताणा-पालथा फिरवताना काही अडत नसेल, कोरोनॉइडचं फक्त टोक गेलं असेल, आणि कोपर सरळ करत नेताना शेवटच्या ३० अंशांच्या आधी ते निसटत नसेल, तर बिनऑपरेशनचा मार्ग मी मनापासून सुचवतो. त्यात दर आठवड्याला एक्स-रे आणि लवकर व्यायाम हवाच. तुमचे पहिले डॉक्टर ऑपरेशन टाळू पाहतात यात गैर काही नाही. पण तीन तुकडे झालेलं डोकं या चौकटीत क्वचित बसतं. तुकडे सरकले आहेत का, हा प्रश्न त्यांना सीटीचे फोटो समोर ठेवून विचारा.

ऑपरेशन ठरलं तर ते साधारण दोन आठवड्यांच्या आत व्हावं. कातडीवर सुरकुत्या दिसू लागल्या, फोड नसले, की वेळ आली समजा. तीन आठवड्यांनंतर सगळं एकमेकांना चिकटतं आणि काम दुप्पट होतं.

भूल दिल्यावर चीर देण्याआधी मी सी-आर्मखाली (ऑपरेशन चालू असताना पडद्यावर एक्स-रे दाखवणारं यंत्र) कोपर हळूहळू सरळ करतो. कुठल्या अंशाला सांधा निसटतो ते पडद्यावर दिसतं आणि हातालाही कळतं, एक खट्ट असा धक्का बसतो. मग बाहेरच्या बाजूने चीर. कातडी आणि खालचा पडदा बाजूला केला की बहुतेक वेळा दंडाच्या हाडाचा बाहेरचा उंचवटा उघडावाघडा, पांढरा चमकताना दिसतो. लिगामेंट आणि त्यावरचे स्नायू तिथून सोलून खाली गेलेले असतात. पाहणाऱ्या ज्युनिअर डॉक्टरांना मी इथे नेहमी थांबवतो, कारण ही जागा एकदा डोळ्यांनी पाहिली की “फक्त हाड जोडू” असं पुन्हा कोणी म्हणत नाही.

काम आतून बाहेर करत यायचं असतं. डोक्याचे सुटे तुकडे बाजूच्या टेबलावर सलाईनमध्ये भिजवलेल्या गॉजवर एकेक करून मांडतो आणि जुळवून पूर्ण वर्तुळ होतंय का बघतो. कमी पडला तर एक तुकडा अजून सांध्यात आहे, तो शोधायचा. डोकं बाजूला असल्याने तिथल्या फटीतून खोलवरचं कोरोनॉइड दिसतं, म्हणून आधी त्याची सोय. तुकडा मोठा असेल तर मागून स्क्रू. छोटा असेल तर त्याला चिकटलेल्या पुढच्या आवरणासकट भक्कम दोऱ्याचा फास घालतो, अल्नाच्या मागच्या बाजूने दोन बारीक भोकं पाडून दोऱ्याची टोकं बाहेर काढतो आणि हाडावर गाठ मारतो. गाठ आवळताना सांधा बसलेला धरावा लागतो, एक हात फक्त त्याच कामासाठी लागतो.

मग डोकं. तीनपर्यंत तुकडे असतील, हाड चांगलं असेल, तर बारीक स्क्रूंनी जोडायचं. प्लेट लागलीच तर ती डोक्याच्या त्या भागावर, जो अल्नाला कधी घासत नाही. एकूण ३६० अंशांपैकी जेमतेम ११० अंशांचा हा पट्टा असतो. तीनपेक्षा जास्त तुकडे, चुरा झालेला, तर ओढूनताणून जोडण्यापेक्षा धातूचं कृत्रिम डोकं बसवणं जास्त भरवशाचं, हा आता जगभरचा अनुभव आहे. तुमचा भाऊ ३४ वर्षांचा आणि तुकडे तीन, म्हणजे अगदी सीमेवरचं प्रकरण. मी असतो तर जोडण्याचा प्रयत्न आधी केला असता, पण कृत्रिम डोकं त्या दिवशी थिएटरमध्ये हजर ठेवूनच. ऑपरेशन करणाऱ्यांना हे जरूर विचारा. ते तिथे नसेल आणि जोडणी जमली नाही, तर मग डोकं काढून टाकण्याचा मोह होतो. कृत्रिम डोक्याची उंचीही नेमकी हवी. दोन-तीन मिलिमीटर जास्त झालं तर समोरची गुंडी घासून झिजते आणि कोपर वाकत नाही. काढलेले तुकडे इथेही उपयोगी पडतात, माप त्यांच्यावरूनच घेतो.

शेवटी बाहेरचं लिगामेंट. दंडाच्या हाडाच्या उंचवट्यावर, गुंडीच्या वर्तुळाच्या बरोबर मध्यावर अँकर (दोरा लावलेला बारीक स्क्रू) बसवून किंवा भोक पाडून, तिथे ते ओढून बांधायचं. कोपर काटकोनात आणि पंजा पालथा ठेवून गाठ. मग पुन्हा परीक्षा: दंडाखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून बाहू स्वतःच्या वजनाने खाली लोंबू द्यायचा आणि सी-आर्ममध्ये सांध्याची फट पाहायची. उघडली नाही तर आतलं लिगामेंट फाटलेलं असूनही त्याला सहसा हात लावत नाही, ते आपोआप भरून येतं. उघडली तर आतून दुसरी चीर, करंगळीची नस जपत दुरुस्ती. एवढ्यानेही नाही थांबलं तर काही आठवडे बाहेरून फिक्सेटर, म्हणजे हाडांत पिना घालून सांधा धरून ठेवणारी चौकट.

ऑपरेशन झाल्यावर खरी मेहनत तुमच्या घरी सुरू होते, आणि निम्मं कोपर तिथे ठरतं. दोन ते सात दिवसांत व्यायाम सुरू. पाठीवर झोपायचं, दंड छताकडे उभा करायचा, आणि स्वतःच्या ताकदीने कोपर वाकवायचं-सोडायचं. या स्थितीत बाहूचं वजनच सांधा बसवून ठेवतं. पहिले तीन-चार आठवडे शेवटचे ३० अंश सरळ करायचे नाहीत. हात शरीरापासून बाजूला उचलायचा नाही, म्हणजे त्या बाजूला वळून उशीवर हात टाकून झोपणंही नाही. दुसऱ्या कोणी कोपर दाबून वाकवायचं नाही, फिजिओथेरपिस्टनेसुद्धा नाही. पाण्याची बादली सहा आठवडे नाही, मोटारसायकल तीन महिने नाही.

एका पेशंटच्या आईने मला विचारलं होतं, “डॉक्टरसाहेब, सांधा तं बसला, मग पोराले एवढं रोज रडवता कायले?” तिला मी सांगितलं ते तुम्हालाही सांगतो: पहिल्या सहा आठवड्यांत मिळालेला अंश सहज मिळतो, सहाव्या महिन्यातला रडून मिळतो, आणि त्यानंतरचा बहुतेक मिळतच नाही.

अपेक्षा खरी ठेवा. निरोगी कोपर शून्यापासून १४०-१४५ अंशांपर्यंत जातं. १९८१ मध्ये अमेरिकन सर्जन मॉरी आणि सहकाऱ्यांनी मोजून दाखवलं की रोजची बहुतेक कामं ३० ते १३० अंशांत आणि पंजा दोन्हीकडे ५०-५० अंश फिरल्यास होतात. चांगल्या ऑपरेशननंतर या इजेत साधारण ११० अंशांच्या आसपास हालचाल मिळते. म्हणजे हात अगदी ताठ होणार नाही, पण घास तोंडापर्यंत जाईल, केस विंचरता येतील, तळहात पसरून प्रसाद घेता येईल. मोबाईल कानाला लावायला जरा जास्त वाकावं लागतं, तिथे काहींना अडतं. काही जणांना पुढे सांधा मोकळा करायला किंवा स्क्रू काढायला पुन्हा थिएटरमध्ये यावं लागतं. हे आधीच सांगणाऱ्या डॉक्टरवर विश्वास ठेवा.

तुमच्या प्रश्नात नाही, तरी विचारणारे आणखी असतील म्हणून थोडक्यात. संक्रांतीला पतंगाच्या नादात गच्चीवरून पडलेल्या मुलांचं कोपर ही वेगळीच इजा, सांध्याच्या वर मोडलेलं हाड. तिथे पहिली काळजी नाडीची. साठीच्या पुढच्या बाईंचं दंडाचं खालचं टोक चुरा झालं तर दोन प्लेट लावून जोडणी, आणि हाड फारच ठिसूळ असेल तर कृत्रिम कोपर. अल्ना मोडलेलं दिसलं की रेडियसचं डोकं जागेवर आहे ना, हे पाहायचंच. इटालियन सर्जन मोंतेज्जा यांनी १८१४ मध्ये, एक्स-रे नसताना, ते नुसत्या हाताने ओळखलं होतं.

उद्या काय करायचं ते सांगतो. कच्चं प्लास्टर काढू नका, हात उशीवर उंच ठेवा, बोटं दिवसभर हलवत राहा. नागपुरात मेडिकल, मेयो किंवा मिहानचं एम्स या सरकारी रुग्णालयांपैकी कुठेही अस्थिरोग विभाग आहे, आणि धंतोली-रामदासपेठेत कोपराचं काम नेहमी करणारे सर्जनही आहेत. खर्चाची अडचण असेल तर रेशनकार्ड आणि आधार घेऊन महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनीसाला, आधी भेटा. सोबत सीटीच्या रिपोर्टचा कागद पुरत नाही, सीडी आणा. सांधा बसवण्याआधीचा पहिला एक्स-रे गावच्या दवाखान्यात राहिला असेल तर तोही मागून घ्या. कुठलं हाड किती लांब गेलं होतं हे त्या एकाच फिल्मवर दिसतं, आणि मी सगळ्यात आधी तीच लाईट बॉक्सवर लावतो.